बदामाचा अर्धा तुकडा

"कोण तो तुझ्या बहिणीवर प्रेम करणारा? नाव सांग!" ताई, दाजींनी माझी कॉलरच धरली. तू बालवाडीतल्या मुलांसाठी कापलेल्या कागदी बदामाचा 'तुझ्यावर प्रेम करतो' लिहिलेला अर्धा तुकडा त्यांना सापडला होता. मुलांनी त्याला जोडायचा 'येशू'वाला तुकडा मी दाखवला, तर म्हणाले, "शाळा सोडलेला मला शिकवतोय!" मग तुझी कात्री उचलून म्हणाले, "येऊ दे तिला." माझं डोकंच फिरलं. स्टूल हाणलं त्यांच्या तोंडावर. दोन दात पडले.

ते दवाखान्यात टाके घालायला गेलेत. हे वाचलंस की आतून कडी घाल, माझ्याशिवाय कुणालाही उघडू नकोस. बाकीचे बदाम पिशवीत आहेत. थोडं रक्त लागलंय, पण लालावर दिसत नाही.

ते घरी परतायच्या आत दवाखान्याच्या दारातच त्यांना गाठतो. निघतो आता.