एक्केचाळीस सेकंदांतली दोन

प्रिय निशिगंधा,

माझा नंबर तू ब्लॉक केलास ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी पुन्हा काहीतरी आगाऊ बोलून बसलो असतो. पेनानं लिहिताना तेवढा जोर येत नाही.

मी अजून गोठ्यावरच्या खोलीतच असतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आबांनी कॉलेजसाठी घेऊन दिलेला लॅपटॉप आहे आणि नेटवर बघून बघून गाणी बनवायला शिकलोय. सुरुवातीला आई जिन्याखालून ओरडायची, "तुझ्या धडधडीनं म्हस पान्हावत न्हाय रं मुडद्या!" मग हेडफोन आले. पहिले सहा महिने माझं प्रत्येक गाणं म्हणजे मंडईतलं भांडण होतं. ढोल मोठा, मग बासरी ऐकू येईना म्हणून ती मोठी, मग पुन्हा ढोल. एकाला ऐकू यायला दुसऱ्यानं खाली यावं लागतं, एवढं साधं कळायला मला वर्ष लागलं.

मागच्या एप्रिलात विभागप्रमुखांनी माझी कमी पडलेली हजेरी सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो, ते तू पाहिलंसच. चार दिवस तुझे फोन येत होते. मी उचलले नाहीत. पाचव्या दिवशी दसरा चौकात तू वर्गातल्या त्या अभिरामच्या गाडीवर मागं बसलेली दिसलीस. माझं डोकं तुला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी तुझा आवाजातला मेसेज आला, एक्केचाळीस सेकंदांचा. मी तो थेट लॅपटॉपवर घेतला. पडद्यावर आवाज डोंगरासारखा दिसतो, तुझी पहिली दोन सेकंदं स्वच्छ होती, "ऐक की, उदय!" एवढीच. पुढं स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न मिसळलेले. मी दोन सेकंदं कापून घेतली, त्यांच्यामागं हलगी लावली आणि तेच तेच फिरवत ठेवलं. रागात केलेलं माझं ते पहिलं जमलेलं गाणं.

मंडळाची डॉल्बी ज्ञानू बघतो. त्यानं पेनड्राइव्हवर नेलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत, पापाची तिकटीच्या अलीकडं, बरोबर तुमच्या गॅलरीखाली ते वाजलं आणि दोनशे पोरं तुझ्या आवाजात आवाज मिसळून माझं नाव ओरडायला लागली. तू वर उभी होतीस. मला वाटलं माझ्याकडं बघशील. तू तुझ्या बाबांकडं बघितलंस. आणि मी हसलो, निशिगंधा. ते हसू मला अजून गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वसंत सर आमच्या दारात आले. तुझे बाबा नंतर, आधी नववीला मला भूमिती शिकवलेला माणूस. बसले नाहीत, चहा घेतला नाही. "उदयसिंह, हे तिनं तुला स्वतः दिलं का रे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "व्हय सर, तिनंच पाठवलं." शब्दानं खरं होतं. आठ दिवसांत त्यांनी तुला जयसिंगपूरला मावशीकडं धाडलं, तुझं कॉलेज सुटलं. लपवत नाही, तेव्हा मला बरं वाटलेलं. म्हटलं, आता अभिरामलाही दिसणार नाही.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप भरला म्हणून जुन्या फायली पुसत होतो. तुझा मूळ मेसेज सापडला. सव्वा वर्षानं मी तो पहिल्यांदा पुरता ऐकला. "ऐक की, उदय! मी अभिरामला घेऊन विभागप्रमुखांच्या घरी गेलते, त्याचे मामा हैत ते. हजेरीचं बघतो म्हणालेत. परवा परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख हाय. तू नुसतं ये आणि सही कर. भांडायचं ते नंतर, पोटभर."

काल लॅपटॉप घेऊन तुमच्या घरी गेलो. सरांना सगळं ऐकवलं, आणि सांगितलं की तिनं हे गाण्यासाठी दिलंच नव्हतं, मी कापलं, आणि तुम्ही विचारल्यावर तुम्हाला फसवलं. थोबाडीत बसेल या तयारीनं उभा होतो. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "तुला विचारायला आलो रे. तिला विचारलंच नाही." रविवारी ते तुला परत आणायला येताहेत, प्रवेश अजून चालू आहेत. हे पत्र त्यांनीच लिहायला लावलंय, पाकीट न चिकटवता. ज्ञानूनं गाणं पुसलं, पण किती जणांच्या फोनात ते गेलंय, तेवढं मात्र माझ्या हातात उरलेलं नाही. तू ये. कॉलेजच्या रस्त्याला मी दिसणार नाही.

तुझाच
(सर वाचणार आहेत, तरी लिहितो)
उदयसिंह