हॉलला पिवळा

१२ फेब्रुवारी

चि. धडपडीस,

आईचे खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे माझे गुडघे आणि तुझ्या बाबांचा हट्ट, दोन्ही जागच्या जागी आहेत. जावईबापूंचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, गरम पाणी प्यायचं असतं, थर्मासात भरून नुसतं मिरवायचं नसतं.

परवा फोनवर तू किती सहज म्हणालीस, "आई, राखाडी आता कोणी लावत नाही गं. आमच्या दुकानातले राखाडी स्वयंपाकघरांचे सगळे नमुने काढून टाकले." मी तर खालीच बसले. अगं, शेडकार्डं नाचवत तूच आली होतीस ना? घर मोठं दिसतं, डोळ्यांना शांत वाटतं, सगळं जग हेच लावतंय! आणि मग लावलं आपण. भिंती राखाडी, दारं राखाडी, फरशी राखाडी, सोफा राखाडी. पायपुसणंसुद्धा सोडलं नाहीस. तुझे बाबा तेव्हाच म्हणाले होते, "छापखान्यात दिवसाच्या शेवटी रूळ पुसले की सगळ्या शाया मिळून जो चिखल उरतो, तो हा रंग." जन्मभर मशीनसमोर उभं राहून रंग जुळवलेल्या माणसाचं ऐकतंय कोण! मीही तुझ्याच बाजूने बोलले. नवीन काहीतरी हवं होतं मला, खोटं कशाला सांगू.

आता जिकडे बघावं तिकडे तेच. दाताच्या डॉक्टरांकडे तेच, शेजारच्या वकीलबाईंकडे तेच. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर क्षणभर वाटलं, मी आपल्याच घरात उभी आहे आणि ही बाई इथे काय करतेय! त्या म्हणाल्या, त्यांच्या सूनबाईंना आता विटकरी हवाय. म्हणजे आणखी दोन वर्षांनी सगळी इमारत विटकरी होणार, आणि मग विटकरीचाही कंटाळा येणार.

तर मी ठरवलंय. हा रंग घरातून घालवायचा. तुझे बाबा म्हणतात, "कशाला ही उस्तवार? सामान हलवा, झाका, परत लावा." पण मी ऐकणार नाही. नुसती फॅशन गेली म्हणून मी एवढा घाट घातला नसता, हे तुला सांगते. हल्ली ते आपटतात. उघड्या दाराच्या कडेवर दोनदा कपाळ फुटता फुटता राहिलं. परवा चहाचा कप टेबलावर म्हणून ठेवला तो टेबलाच्या बाहेरच, थेट फरशीवर. माझं डोकंच फिरलं. पण नंतर विचार केला, की राखाडी भिंतीत राखाडी दार अर्धं उघडं असेल, तर माणसाला ते दिसणार कसं? राखाडी टेबल राखाडी फरशीवर कुठे संपतं हे मलाही कधी कधी कळत नाही. सगळा दोष त्या रंगाचा आहे. भिंती पिवळ्या झाल्या, दारं चांगली तपकिरी झाली, की हे सगळं थांबेल. माझी खात्री आहे.

पेपर वाचणंही सोडलंय त्यांनी. बातम्यांत काही राम नाही म्हणतात. आता मीच मोठ्याने वाचून दाखवते आणि ते तिकडून मंत्र्यांना शिव्या घालतात. बरं चाललंय आमचं.

शेडकार्ड आणलंय. त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, तुमच्याइतकं रंगातलं मला कळत नाही, तुम्हीच सांगा. क्षणाचाही विचार न करता बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा. हॉलला हा पिवळा." बघते तर बोट राखाडीवरच! इतकी हसले मी. या वयात थट्टा सुचते माणसाला. तेही हसले. मग पिवळा मीच निवडला, उन्हात वाळवलेल्या कपड्यासारखा, फार भडक नाही असा.

तू अजून अंधार पडल्यावर गाडी चालवतेस का? सहज विचारलं. मागे आला होतात तेव्हा जावईबापू गमतीने म्हणाले होते, संध्याकाळ झाली की ही किल्ली माझ्या हातात देते, मीच तिचा ड्रायव्हर. ते बरंच आहे म्हणा.

खाली जागा सोडली आहे. तू वसतिगृहात होतीस तेव्हापासून पत्राच्या शेवटी दोन ओळी बाबांच्या असतात, तो त्यांचा मान आहे.

तुझी,
आई

*धडपडे, तुझ्या आईला पिवळ्याचं वेड लागलंय. मला राखाडीची सवय झालीय, पण या घरात माझं मत कोण विचारतो? या वेळी कुठे आपटलीस ते कळव. निळे डाग मोजायला घेतले तर तुझ्यावर छापखान्याची सगळी शाई संपेल. — बाबा*

३ मे

चि. बाळ,

आशीर्वाद. नेहमीच्या नावाने सुरुवात केली नाही म्हणून दचकली असशील. ते नाव मला आता लिहववत नाही. का, ते सांगते, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे. एकदम सांगायला गेले तर हे पान टाकून देईन.

परवा फोनवर तू विचारलंस, "पिवळा कसा आलाय?" आणि मी म्हणाले, "छान आलाय." बाबा शेजारी बसले होते, स्पीकर चालू होता. मी खोटं बोलले. हॉल राखाडीच आहे.

त्याचं असं झालं. रंगारी सकाळीच आला. बुटका, बडबड्या माणूस, आल्या आल्या चहा मागितला आणि चहात साखर कमी आहे म्हणाला. बाबांना मी वकीलबाईंकडे पाठवलं, वासाने त्यांना ठसका लागतो म्हणून. रंगाऱ्याने सोफा मधे ओढला, कपाट सरकवलं, सगळ्यावर जुन्या चादरी टाकल्या आणि छताला हात घातला. छत आधी, भिंती दुसऱ्या दिवशी, अशी त्यांची रीत असते. दिवसभर तो शिडीवर होता आणि छत पांढरं करत होता. पिवळ्याचा डबा कोपऱ्यात होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

चारच्या सुमाराला बाबा आले. बाहेर लख्ख ऊन होतं. दारात उभे राहिले, एक मोठा श्वास घेतला, नव्या रंगाचा वास घरभर होताच. मग समोरच्या भिंतीकडे तोंड केलं, मान जराशी तिरकी केली, मशीनमधून पहिला कागद बाहेर आल्यावर करायचे ना, अगदी तशी. आणि म्हणाले, "वा! काय सुरेख पिवळा आलाय गं. हॉल नुसता उजळून निघाला."

समोर ती राखाडी भिंत.

रंगाऱ्याने शिडीवरून माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं होतं, मी मान हलवली, त्याने मिटलं. एरवी एवढा बोलका माणूस, पण गप्प राहिला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. बाबा म्हणाले, "काय गं, बोलत का नाहीस? तुला नाही आवडला?" मी म्हटलं, "आवडला ना." मग ते नेहमीच्या सवयीने खुर्चीकडे निघाले आणि मधे ओढलेल्या सोफ्यावर पालथे पडले. मी हाताला धरून त्यांना उठवलं.

म्हणजे तो शेडकार्डावरचा राखाडी, ती थट्टा नव्हती. आणि मी हसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी भांडून भांडून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे कळलं की आपल्याला दिसत नाही हे त्यांना केव्हापासूनच माहीत होतं. आधी अंधारातलं गेलं. मग बाजूचं. मग रंग जायला लागले. छापखान्यातून ते लवकर निवृत्त झाले, आठवतं? पाठ दुखते म्हणून. पाठीला काही झालेलं नव्हतं गं. लाल आणि तपकिरी एक दिसायला लागले होते, आणि एवढी वर्षं रंग जुळवलेल्या माणसाला ते कोणाला सांगवेना. मलासुद्धा नाही. मी विचारलं, माझ्यापासून का लपवलंत? तर म्हणाले, "तू आणि पोरीने एवढ्या हौसेने घर रंगवलं होतंत. म्हटलं, राखाडी आहे म्हणूनच दिसत नसेल." मीही तेच म्हणत होते. दोघांनीही त्या बिचाऱ्या रंगावर खापर फोडलं आणि आपापल्या जागी निश्चिंत राहिलो.

डॉक्टरीण बाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांना मी विचारलं, भिंती पिवळ्या केल्या, दारं गडद केली, तर? त्या म्हणाल्या, "आधी केलं असतं तर काही दिवस सोपं गेलं असतं. आता रंगाने काही होणार नाही. उरलंय तेही जाईल. औषध नाही यावर. तुम्ही एकच करा, घरातली वस्तू जागची हलवू नका. त्यांना घर पाठ आहे, तेवढंच राहू द्या."

म्हणून रंगाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने सोफा होता तिथे सरकवला, फरशीवरच्या खुणा बघून, अगदी बोटभर इकडेतिकडे न करता. पिवळ्याचा डबा माळ्यावर आहे. हा रंग आता आमचा जन्माचा सोबती. विटकरी येवो नाहीतर निळा येवो, आपलं घर असंच राहणार. मला या भिंतींचा किती तिटकारा आलाय हे कोणाला सांगू? सकाळी डोळे उघडले की समोर तोच चिखल. आणि बाहेरून बाबांचा आवाज, "आज ऊन काय छान पडलंय पिवळ्यावर!" मी हो म्हणते. रोज म्हणते. त्यांना खरंच तसं वाटतं, की माझं मन राखतात, हे मला कळत नाही, आणि विचारायची छाती होत नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी बसले.

उठताना डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "यांच्या घरात आणखी कोणाला होतं?" बाबा पटकन म्हणाले, "कोणाला नाही." पण मला तुझे आजोबा आठवले. दिवेलागण झाली की ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. आम्ही सगळे त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचो. मी ते सांगितलं. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "मुलं किती?"

मी म्हटलं, एक मुलगी.

बाळ, तू लहानपणापासून आपटतेस. टेबलाला, दाराला, माणसांना. सिनेमागृहात अंधार झाला की माझा पदर धरायचीस, मोठी झालीस तरी. आम्ही तुला नाव ठेवलं, हसलो, पाहुण्यांना किस्से सांगितले. संध्याकाळी किल्ली नवऱ्याच्या हातात देतेस, त्यावरही हसलो. त्या बाईंच्या खोलीत बसल्या बसल्या एकेक आठवत गेलं. बाई म्हणाल्या, आईबापांपैकी एकाला असलं की मुलाला असू शकतं, नसूही शकतं. "नसूही शकतं" हे मी तुला पुन्हा लिहिते. पण तपासून घे. याच आठवड्यात जा, जावईबापूंना बरोबर घेऊन जा. आणि तोवर अंधारात गाडीला हात लावू नकोस, माझी शपथ आहे.

तपासून काय होणार, असं विचारशील. खरंच सांगते, काही होणार नाही. थांबवता येत नाही. मला खोटा धीर देता येत नाही गं, आलाच असता तर फोनवरच दिला असता. एवढंच की तू घर कसं लावायचं ते वेळेवर ठरवशील. मला वेळेवर कळलं नाही.

बाबांनी मला बजावलंय, पोरीला काही कळवायचं नाही. "ती धांदरट आहे, बाकी काही नाही," असं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. यातही मी त्यांचं ऐकत नाहीये. हे पत्र त्यांच्या हातात द्यावं लागणार, नाही दिलं तर विचारतील. हाताला धरून रिकामी जागा दाखवीन. वर मी काय लिहिलंय ते त्यांना वाचता येणार नाही, आणि त्याची मला सोय वाटते आहे. कुठल्या थराला आले मी, बघ. त्यांच्या ओळी माझ्या सहीवर चढल्या तर समजून घे.

उत्तर फोनवर देऊ नकोस. लिही. मीच वाचते.

जिला तुझा चेहरा आता दोघांच्या वाटणीचा बघायचा आहे, ती तुझी,
आई

*धडपडे, पिवळा झकास आलाय. तुझ्या आईच्या हट्टाचं पहिल्यांदाच सार्थक झालं. एकदा येऊन बघून जा. दोघं या. लांबवू नकोस, आताच ये, सगळे रंग नीट बघून घे. आणि निघशील तेव्हा सकाळी निघ. उजेड आहे तोवर पोच. — बाबा*