हसरे चेहरे कुणी रंगवले

सेंगकांग, सिंगापूर
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

दिवाळीनंतर तुला एकही पत्र लिहिलं नाही, याची लाज वाटते. फोनवर आपण बोलतो, पण ते तुझ्या विमानाची वेळ आणि आईच्या गोळ्या एवढंच. डायरी मात्र नेमाने लिहिते, त्यामुळे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही. हे पत्रही डायरीच्याच पानांवर लिहिते आहे, फोटो काढून पाठवेन. काही सांगितलं की तू फोनवर लगेच उत्तर देतोस. या गोष्टीचं लगेच उत्तर मला नको आहे.

प्रदर्शनाची तयारी होत आली. रुचिर, म्हणजे इथल्या विद्यापीठात जुन्या सिनेजाहिरातींवर संशोधन करणारा पुण्याचा मुलगा, बाबांची पोस्टरं जिवापाड जपतो आहे. रविवारी सकाळी टॉकीजला लागणारे ते जुने अमेरिकन विनोदी सिनेमे तुला आठवत असतील. सगळी धांदल, आणि नवरा-बायकोची भांडणं. टॉकीजवाले बाबांना चार फोटो आणून द्यायचे आणि त्यावरून पोस्टर व्हायचं. नायक-नायिका पाठीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे, तिची एक भुवई वर. रुचिर म्हणतो, मांडणी अमेरिकन पोस्टरांचीच, पण ही नायिका रागावलेली असूनही हसू दाबते आहे, आणि हेच निशिकांतांचं, म्हणजे बाबांचं, वैशिष्ट्य. पोस्टरखालच्या पाटीवर त्याने तसंच लिहिलं आहे. शनिवारी उद्घाटनाच्या भाषणात तूही त्यावरच बोलणार आहेस.

गेल्या रविवारी माझी जाई आणि मी आईला पोस्टरं बघायला घेऊन गेलो. हातात तवा घेतलेली नायिका आणि दारामागे लपलेला नवरा, त्या पोस्टरपुढे आई थांबली. म्हणाली, "हिचे दात मी बिघडवले होते. एकेक दात वेगळा काढला, तर लांबून म्हातारी दिसायला लागली. मग सगळ्यावरून पांढरा फिरवला." रुचिर हसला. "आजी, तुम्ही?" आई म्हणाली, "मग कोण? यांनी काढलेली नायिका पुढाऱ्याच्या तसबिरीसारखी दिसायची. हार तेवढा घालायचा राहिलेला." जाई इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "आजी, यू नेव्हर टेल मी, लाह!" त्यावर आई म्हणाली, "तू कधी विचारलंस, लाह?"

आम्ही सगळे हसलो. परत येताना मेट्रोत मात्र माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. घरी आल्यावर विचारलं, तेव्हा तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. "यांना अक्षर येत होतं, मला तोंडं काढता येत होती. दुपारी तुम्हाला खेळायला पिटाळायचं आणि कडी लावायची. तुमच्या आजोबांना कळलं असतं, तर ब्रश चुलीत गेले असते." आणि बाबांनी कधी कुणाला सांगितलं नाही? "सांगतो म्हणाले होते. मीच नको म्हटलं. नंतर राहूनच गेलं, आणि मग हेच गेले." मग म्हणाली, "प्रसन्नला नको सांगूस. त्याला वाटेल, बाबांचं काही काढून घेतलं."

दादा, मी तुझ्या बाजूनेही विचार केला आहे. आई विसरते. परवा एलआरटीत, आमच्या वसाहतीभोवती गोल फिरणाऱ्या छोट्या गाडीत, बसून ती तीच फेरी मारत राहिली, कुठे उतरायचं ते आठवेना म्हणून. डॉक्टर म्हणतात ही सुरुवात आहे. मग हे खरं कशावरून? पोस्टरवर सही बाबांची आहे. माझ्याकडे आहे ती एकच आठवण: आईच्या नखांतला तांबडा रंग. तेव्हा मला वाटायचं, ती बाबांचे ब्रश धुते. तिच्या हातात पेन्सिल देऊन एक चेहरा काढून घ्यावा, असं मनात आलं. पण आता तिचा हात थरथरतो. नाही जमलं, तर तिचं म्हणणं खोटं ठरवायचं? तो विचार मी सोडून दिला. मला हे खरं असावंसं वाटतं म्हणून मी विश्वास ठेवते आहे का, हेही स्वतःला विचारलं. थोडं तसंही असेल. पण बाबा कधी मोकळं हसल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत. म्हणून ते लहान होत नाहीत. ती अक्षरं त्यांचीच आहेत, आणि काय डौल आहे त्यांना.

आईने नको म्हटलेलं असताना लिहिते आहे, कारण शनिवारी तू बाबांच्या त्या हसऱ्या चेहऱ्यांविषयी बोलशील तेव्हा आई पहिल्या रांगेत बसलेली असेल, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवेल. मला ते बघवणार नाही. तू माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणत नाही. निघण्याआधी तिला एक फोन कर. खरं-खोटं करायला नको. राग आणि हसू एकाच तोंडावर कसं आणायचं, एवढंच विचार, आणि ती बोलेल तितका वेळ ऐकत राहा. आज ती सांगू शकते. पुढच्या दिवाळीत तू विचारशील तेव्हा सांगू शकेल की नाही, मला माहीत नाही. भाषणात काय बोलायचं, ते त्यानंतर तुझं तू ठरव.

तुझीच,
शुभा

उद्या: रुचिरला पाटी बदलायला सांगणे. आईचं नाव घालणे: चेहरे अरुणा, अक्षरं निशिकांत.