आईच्या गादीतली पिसं

मिल क्रीक, कनेटिकट
१६ सप्टेंबर १७७६

चि. असाहेल यास तबिथाताईचा आशीर्वाद. सवयीनं लिहिला गेला, आता खोडत नाही.

तुझं पत्र पोचलं. इकडे सफरचंदं उतरवून झाली, तांबडी गाय व्याली. फिलाडेल्फियाचा तो जाहीरनामा वाचल्यापासून तुमच्या गावच्या बंडखोर कमिटीनं घंटा बडवून बडवून कान किटवलेत. म्हणे आपण स्वतंत्र झालो!

कशापासून रे? आपली भाषा इंग्लंडची, कायदा तिकडचा, तुझ्या शेतातला नांगरही तिकडचाच. करावरून भांडण होतं, मान्य. राजाच्या मंत्र्यांना मीही शिव्या घातल्यात. पण आईशी भांडण झालं म्हणून कोणी तिचं नाव टाकतं का? पार्लमेंटात आपली बाजू घेणारे आहेत. अर्ज करा, बोलणी करा, समेट करा. उद्या इंग्लंडची लढाऊ जहाजं पाठीशी नसली की फ्रेंच काय आपल्याला मांडीवर घेऊन बसणार आहेत? आणि स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो कोण, तर तुमच्या कमिटीतला पर्डी! त्याच्या घरी दोन गुलाम राबतात. किळस येते मला तुम्हा सगळ्यांची.

तू लिहितोस, "ताई, राजाशी नातं तोडल्याच्या कमिटीच्या शपथेवर दाजींची सही तेवढी घे. घर, शेत सगळं राहील. झालं गेलं विसरून जा."

झालं गेलं! मग ऐक काय झालं ते. गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी पाद्रीबाबांनी भीतीपोटी राजासाठीची प्रार्थना गाळली. तुझ्या दाजींनी ती जागेवरूनच म्हटली, हळू आवाजात. एवढाच गुन्हा. चर्चबाहेर पडताच तुझ्या लोकांनी त्यांना धरलं, सदरा फाडला, अंगावर गरम डांबर ओतलं आणि वर पिसं उधळली. "आता उडून दाखव राजाकडे, कोंबड्या!" पर्डी ओरडत होता. माझ्या शेजारणी पोट धरून हसत होत्या.

त्या दिवशी तू गावात नव्हतास असं लिहिलंयस. नसशील.

चरबी चोळून मी डांबर सोडवत होते. डांबराबरोबर कातडीही निघत होती. पिसांमध्ये लॅव्हेंडरच्या वाळक्या काड्या चिकटल्या होत्या. पिसांच्या गादीत लॅव्हेंडर भरणारी बाई या गावात एकच होऊन गेली, आपली आई. तिची गादी तुझ्याच घरी होती, असाहेल. तू स्वतः फाडून दिलीस की बायकोला फाडायला लावलीस, ते मला सांगू नकोस.

सहीला तुझे दाजी तयार आहेत. काल म्हणाले, "तबी, करून टाकू. या वयात कुठे जायचं आता?" पण त्यांच्या भाजलेल्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. लेखणी धरायची तर तो हात मी धरायला हवा, आणि मी धरणार नाही. तसं सांगितलं त्यांना. म्हणाले, "बरं. सामान बांध." शुक्रवारी मचव्यानं राजाच्या फौजेनं घेतलेल्या लाँग आयलंडला जातोय. तिथून राजाचं जहाज नेईल तिकडे. घर घ्या, शेत घ्या, गायही घ्या.

बाईची सही कमिटीला लागत नाही, ठाऊक आहे मला. न मागताच देते. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून मोठ्यानं वाचून दाखव.

राजे तिसरे जॉर्ज यांची एकनिष्ठ प्रजा,
आणि आजपासून कोणाचीही बहीण नसलेली,
तबिथा व्हिटलॉक