उजवा कान वर

४ जानेवारी, रविवार

वि.५ चे पंख कापले. रिमोटवर उडणारं विमान, पाचवं. आधीच्या चारांचं काय झालं ते लिहायला ही वही पुरायची नाही.

सनबोर्ड, म्हणजे फोमचा पुठ्ठा, महागावच्या फ्लेक्सवाल्याकडचा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा उतरवलेला. हलका, ताठ, आणि आपल्याला फुकट. डाव्या पंखावर अर्धा चष्मा आणि मिशी आली, उजव्यावर नुसतं 'शुभेच्छुक'. फ्लेक्सवाला सुधीरला विचारतो, "इंजिनेर हाय काय तुमी?" मी शेजारीच उभी. साचा मी काढलेला, ब्लाउजच्या कटिंगच्या कागदावर. कापणं माझं, चिकटवणं माझं. आणि विचारायचं दिराला! सु. म्हणाला, "वैनी बनवते, मी फक्त उडवतो." फ्लेक्सवाला हसला. त्याला वाटलं गंमत करतोय.

घरी येईपर्यंत गाडीवर मी सु.वरच चिडचिड केली. सु.चा काही दोष नव्हता. तरी केली.

११ जाने., रवि.

सकाळी साडेसहाला शेजारच्या वावरात. सोयाबीन निघून गेलंय, जमीन मोकळी. वारा नाही.

उडवण्याआधीचा नियम माझा. मी विमान मागून धरायचं, नाक माझ्यापासून लांब. सु.नं रिमोटची दांडी उजवीकडे न्यायची. मी ओरडायचं, "उजवा कान वर, डावा खाली, बरोबर!" मग डावीकडे, मग परत. कान म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या. ते उलटे हलले की उजवीकडे वळवलेलं विमान डावीकडे लोळतं, आणि सावरायला जावं तितकं जास्तच लोळतं. वि.२ तसंच गेलं. सु. कंटाळतो. "वैनी, रोज काय तेच तेच?" रोज तेच. मी बाही लावतानाही दोनदा पाहते.

सात मिनिटं उडालं! पऱ्हाटीवरून, नाल्यावरून, परत. तांड्यावरच्या बाया कापूस वेचायचं थांबवून वर पाहत होत्या. एकीनं विचारलं, "बाई, यात माणूस कुठी बसते?" मी आणि सु. पोट धरून हसलो.

हा चौथीत होता मी या घरात आले तेव्हा. दप्तर मीच शिवून दिलं होतं. आता चोवीसचा झाला, मोबाइल दुरुस्त करतो. हात असा हलका की मी दोनदा उडवलेलं दोन्ही वेळा बाभळीत गेलं, आणि हा पाखरासारखं उतरवतो.

१५ जाने.

काल दिवसभर गोड बोला, गोड बोला. आज सकाळी हे म्हणतात, "बायांचे ब्लाउज पडून हायेत अन् तू थर्माकोल खेळून राह्यली." एक तर ते थर्माकोल नाही. दुसरं, एकही ब्लाउज उशिरा दिलेला नाही. तिसरं, स्वतः संध्याकाळभर पारावर पत्ते कुटतात ते काय शेतीचं काम आहे? हे सगळं तोंडावर बोलले. चहा गार झाला त्यांचा. होऊ दे.

१९ जाने.

शाळेचे हेडसर घरी आले. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर विमान उडवायचं, पाहुणे येणार आहेत. मी आतून चहा घेऊन आले तर कागदावर कार्यक्रम लिहून तयार: 'सुधीर वानखेडे यांचे विमान प्रात्यक्षिक.' बस.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडायच्या आत सु.नं कागद परत केला. "सर, इमान वैनीनं बनवलं. वैनीचं नाव नाई तर इमान नाई."

सर म्हणे, आभारात घेऊ ना. सु. म्हणाला, "आभारात नाई. वरतं."

सरांनी पेन काढून लिहिलं: 'सौ. मंदा वानखेडे यांनी बनविलेले.' बनविलेले! पापड बनविल्यासारखं. पण लिहिलं. लग्नानंतर माझं नाव कुठल्याही कागदावर वरती आलेलं हे पहिलंच. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जपून उडव म्हणा त्याले."

२५ जाने.

नेमका आज सर्व्हो गेला. पंखाच्या मध्यात बसते ती काडेपेटीएवढी मोटर, दोन्ही कान तीच हलवते. आतले दात झिजले. दुसरा होता डब्यात, देवाची कृपा. बसवला. वायर बाहेर लोंबत होती म्हणून मोटर दुसऱ्या बाजूनं फिरवून घातली, आता वायर आत लपली. मोटरीपासून कानांपर्यंत सायकलच्या तारा जोडल्या, तारा अडकवायची जुन्या एटीएम कार्डाची शिंगं घट्ट केली. शिवणीसारखं साफ काम. मिशीवर पांढरी टेप मारली.

सु. महागावला दुकानात. रिमोटही त्याच्याकडेच, आणि तो येणार रात्री. उद्या जागेवर तपासू.

२६ जाने.

पेनानं वहीचा कागद फाडलाय. रागानं.

सकाळ चांगली होती. सरांनी माइकवर नाव घेतलं, दोघांचं. मोबाइलवाल्यांनी नुसता गोंधळ घातला, वैनी इकडं पाहा, तिकडं पाहा. सरांची घाई, पाहुण्यांना दुसरीकडे जायचं. तपासणी केली. केली म्हणजे केली! "उजवा कान वर, डावा खाली, बरोबर." तेही एकदाच, कारण सर घड्याळ दाखवत होते.

लिंबाच्या उंचीपर्यंत छान चढलं. मग सु.नं उजवीकडे वळवलं आणि ते डावीकडे झुकलं, आणखी झुकलं, पोट वर झालं आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढे दहा पावलांवर नाकावर आदळलं. कुणाला लागलं नाही. पोरं आधी ओरडली, मग हसली. पाहुणेही हसले. माजी सरपंच बसल्या जागेवरून म्हणाला, "बाईनं शिवलेलं इमान, टाके उसवले वाट्टे!"

सु. पुढे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या हातून झालं. इमान चांगलं होतं."

मग मी. शंभर माणसांपुढे. "किती डाव सांगतलं तुले, वळण मोठं घे म्हणून! लोकं पाहून राह्यले की तुह्या अंगात येते. येत नाई तर कायले धरतं रिमोट?"

त्यानं रिमोट माझ्या हातात दिला आणि चालत घरी गेला.

बरोबर बोलले मी. सात मिनिटं उडालेलं विमान दहा सेकंदात? एकच दिवस होता माझा. एकच.

२८ जाने.

सु. बोलत नाही. मीही नाही. ताट वाढते, तो जेवतो.

गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. कुणीतरी मागे रडायचं संगीत लावलंय. ह्यांनी पाहिला, सासूबाईंना दाखवला, माझ्यापुढेही धरला. मी मोबाइल उलटा करून ठेवला. मला कशाला पाहायचंय? मी तिथंच होते.

३१ जाने.

सु. राजूरला गेला. तिकडे मित्राचं गॅरेज आहे, खाणीच्या गाड्या येतात. वर्षभर तो मित्र बोलावत होता आणि हा वर्षभर नाही म्हणत होता. आज बॅग भरली. "येतो वैनी," दारातूनच. वाकला, पाया पडला. मी "हं" म्हटलं. शिलाई चालू ठेवली. टीप वाकडी गेली, उसवावी लागली.

रिमोट माझ्या मशीनच्या वरच्या खुंटीवर लटकवून गेला. मोडकं वि.५ पोत्यात घालून कोपऱ्यात. जाताना घर झाडून गेल्यासारखं सगळं नीट.

४ फेब्रु.

सासूबाई: "तू बोलली म्हणून गेला पोरगा."

मी: "पगारासाठी गेला."

सासूबाई: "पगार मागच्या वर्षीही होता थो."

भांडी आपटली.

९ फेब्रु.

आज एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दोन्ही उजव्या! शिकत होते तेव्हा केली होती ही चूक, त्यानंतर आज. कापड समोर ठेवून पाहिलं की उजवी डावी वाटते आणि डावी उजवी, म्हणून तर अंगावर धरून पाहायचं असतं. पोरीसोरींना शिकवते मी हे. स्वतःवर इतकी चिडले की कात्री फेकली.

डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं आज तो व्हिडिओ पाहतेच, सु.च्या चुका मोजते एकेक.

पाहिला.

मी विमान समोरून धरलंय. पाठ पाहुण्यांकडे नको आणि फोटोत तोंड यावं म्हणून मी विमानाच्या पुढे उभी, नाक माझ्या पोटाकडे. सु. दांडी उजवीकडे नेतो. माझ्या उजव्या हाताकडचा कान वर जातो. तो विमानाचा डावा. आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं ओरडते, "बरोबर!"

चार वेळा पाहिलं. रडायचं संगीत चार वेळा ऐकलं.

सर्व्हो मीच फिरवून बसवला होता. वायर लपावी म्हणून.

१० फेब्रु.

रात्रभर वाटत होतं, व्हिडिओ उलटा असेल. मोबाइल कधीकधी आरशासारखं दाखवतो. सकाळी पोतं उघडलं. नाक चेपलंय पण पंखाचा मधला भाग शाबूत. बॅटरी जोडली, रिमोट चालू केला, यावेळी मागून धरलं. दांडी उजवीकडे.

उजवा कान वर. डावा खाली. बरोबर.

एक क्षण वाटलं, सुटले! मग रिमोटकडे नीट पाहिलं. खाली मोटरींची दिशा उलट-सुलट करायची बारकी बटणं असतात, आम्ही सगळी वर ठेवून त्यावर टेप मारलेली. टेप कापलेली. पहिलं बटण, कानांचं, खाली.

ते बटण मी खाली केलं नाही. घरात दुसऱ्या कुणाला ते कशाचं आहे हेही माहीत नाही.

म्हणजे मोटर उलटी बसलीय हे त्याला कळलं होतं. जाण्याआधीच कळलं होतं. तपासलं, दुरुस्त केलं, रिमोट खुंटीला लावला, माझ्या पाया पडला आणि गेला.

११ फेब्रु.

कुणी सांगितलं होतं याला मोठेपणा करायला? भांडायचं होतं! व्हिडिओ माझ्या नाकापुढे धरायचा होता, म्हणायचं होतं, पाह्य वैनी, पाह्य तुह्यी अक्कल. मी आरडाओरड केली असती, दोन दिवस जेवले नसते, संपलं असतं. आता हे मी कुणावर काढू?

फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज.

"जेवला काय?"

"हो वैनी. तुमी?"

"हो."

"बरं."

"बरं."

ठेवला. मला बोलताच येत नाही, नुसतं ओरडता येतं.

१९ फेब्रु.

शाळेत शिवजयंती. तेच पाहुणे, त्याच खुर्च्या. आभार सुरू व्हायच्या आधी मी उठले आणि माइककडे गेले. सर घाबरले, पण दिला.

म्हटलं, "२६ तारखेले इमान पडलं थे सुधीरच्या हातून नाई पडलं. मोटर मी उलटी बसवली. तपासताना मी उलटी उभी होती. त्यानं बरोबरच उडवलं. मी तुमच्या सगळ्याईपुढं त्याले बोलली, म्हणून सगळ्याईपुढंच सांगून राह्यली. चूक माही."

आणि काय झालं? काहीच नाही. दोघंतिघं मोबाइलमध्ये. सर म्हणाले, "बसा बसा वैनी, झालं गेलं." माजी सरपंच शेजाऱ्याला विचारत होता, "कोणतं इमान?"

कोणतं इमान! माझा महिना जळाला आणि याला आठवत पण नाही! मी माइक परत घेतला आणि म्हटलं, "टाके उसवले म्हणले होते न तुमी, थे." पोरं हसली. यावेळी त्याला.

एका पोराच्या बापानं व्हिडिओ काढला. ग्रुपवर टाकला. यात संगीत नाही. टाकू दे, ग्रुपमध्ये सु. आहे.

२१ फेब्रु.

ग्रुपवर तीन अंगठे, एक हात जोडलेले. सु.नं पाहिलंय, काही लिहिलं नाही.

वि.६ आज पूर्ण झालं. पंख नव्या सनबोर्डाचे, यावेळी कुणाचं तोंड नाही, एका कृषी केंद्राची जाहिरात आहे. शेवटी सर्व्हो. पूर्वीसारखा सुलट बसवायचा तर रिमोटचं ते बटण परत वर करावं लागलं असतं. बटणावर बोट ठेवलं.

नाही केलं. सर्व्होच मुद्दाम उलटा बसवला, २५ तारखेसारखा. त्यानं केलंय ते बटण तसंच राहू दे. वरून नवी टेप मारली.

२२ फेब्रु., रवि.

सकाळी अंगणात ह्यांच्या हातात रिमोट दिला. "कोणती दांडी?" "उजवी." "कोणीकडं?" "उजवीकडं!" देवा. मी मागून धरलं. तीनदा तपासलं. बरोबर.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. सु.चा. माझ्या फोनवर नाही केला, ह्यांच्या. हे बोलले, पीक कसं, आईचे गुडघे कसे, मग म्हणाले, "थो विचारते, तिकडं सकाळचा वारा किती असते आजकाल."

मी विमान धरूनच ओरडले, "फोनवर कायले विचारते? पहिल्या यष्टीनं येऊन पाह्य म्हणा!"

फोनमध्ये काही तरी बोलला. हे नुसतं हं हं करत राहिले आणि ठेवला.

"काय म्हणला?"

"म्हणला, वैनी ओरडून राह्यली म्हणजे बरी हाय."

"येतो म्हणला काय?"

"थे नाई सांगतलं."

रिमोट खुंटीला लावला. बॅटरी मात्र चार्जिंगला टाकली आहे.