पायाळूचा पाय

बंगळूर,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय खुशी,
सप्रेम जय भीम.

काकू कशा आहेत? इकडं मी बरी आहे, असंच लिहिणार होती. कागद घेऊन बसली त्याले तीन दिवस झाले. फोन तू उचलत नाही, आणि उचलला असता तरी मी हवापाण्याच्याच गोष्टी केल्या असत्या.

क्लबचं जेवण अजून तसंच, भाजीत तिखटाचा पत्ता नाही. यंदा अकरा गोल केले. पेपरात फोटो आला तं मायनं तो फुलसावंगीभर फिरवला म्हणे. तुझ्याही दारी नेला असेल. मले लाज वाटली ऐकून.

मागच्या हप्त्यात मॅचमध्ये माझा उजवा गुडघा गेला. कोणाचा धक्का नाही, काही नाही. पळता पळता वळली आणि पडली. आतून तट्‌कन आवाज आला. डॉक्टर म्हणे आतली दोरी तुटली, ऑपरेशन करा लागते, नऊ महिने खेळ बंद. टीमच्या पोरी रडून राह्यल्या होत्या. मले रडू आलं नाही. तो आवाज मी आधी ऐकला होता, खुशी, तुझ्या गुडघ्यातून.

सात वर्षांआधी, शाळेचं फुटबॉलचं मैदान. दुपारी जीप नागपूरले ट्रायलसाठी निघणार होती. तू पुढं खेळायची, मी मागं. तू चेंडू घेऊन वळली आणि पडली. मी दोन हातांवर होती. डोंगरसिंग सर धावत आले. तू मलेच विचारलं, "प्रियंके, आवाज आला न व?"

मी म्हटलं, "नाही. लचकला."

सर म्हणाले, "मंग घाबरता कायले? पायाळू आपल्याच टीममध्ये आहे. लाव व पाय." जन्मताना माझे पाय आधी आले, म्हणून गावात कोणाची कंबर लचकली की मलेच बोलवत. तू डोळे मिटले. मी सात वेळा तुझ्या गुडघ्यावरून पाय फिरवला. तू म्हणाली, "बरं वाटून राह्यलं."

लचक नाही, हे मले ठाऊक होतं. पण जीप एकच होती. खरं बोलली असती तं सरांनी ती यवतमाळच्या दवाखान्याकडं वळवली असती, आणि माझी ट्रायल गेली असती. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

नागपुरात सरांनी तुझ्या जागी मले पुढं उभं केलं.

नंतर तू दोनदा मैदानात उतरली, दोनदा पडली. सरांनी सगळ्यांसमोर तुले नाटकी, भित्री म्हटलं. "पायाळूनं पाय लावला तरी दुखते, म्हणजे खोट मनातच आहे." मी तिथंच खाली बसून बूट बांधून राह्यलती. मान वर केली नाही.

माय म्हणते, आता कापूस वेचतानाबी तुझा गुडघा निसटते.

आज सकाळी सरांले फोन करून सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "मी जातो तिच्या दारी, तिचे पाय धरतो. पण आधी तू सांग."

इथल्या डॉक्टरले विचारलं. इतक्या वर्षांनीबी ऑपरेशन होऊ शकते म्हणे, पण आधी तपासा लागते. काकूंले घेऊन ये. खोली आहे, मी दुसरीकडं झोपीन. माझ्याशी बोलू नको, माझं तोंड पाहू नको, पण गुडघा दाखव. नाही आली तं मी कुबड्या घेऊन गावात येईन आणि त्याच मैदानावर सगळ्यांसमोर सांगीन.

माफी मागत नाही. मागायचं तोंड ठेवलं नाही मी.

पत्र फाडायचं असेल तं फाड. पण त्याआधी एवढी एक ओळ काकूंले मोठ्यानं वाचून दाखव: खुशी कधीच भित्री नव्हती, प्रियंका खोटं बोलली.

तुझ्या जागी खेळलेली,
प्रियंका