घासलेले दगड

बुधवार, ९ फेब्रुवारी

भिंगरे,

आजीचा आशीर्वाद, आणि मागोमाग पाठीत एक धपाटा. एवढी शिकलीस, खोलीभर पुस्तकं साचवलीस, आणि जाताना चार पानं खरडून काचेच्या टाकीला चिकटवून गेलीस. कोणासाठी ग? मला अक्षर ओळखता येत नाही, हे इतकी वर्षं माझ्या कुशीत झोपून विसरलीस? की तुझे ते तीन कायटन, दगडाला चिकटून बसणारे ते समुद्रातले जीव, टाकीतून बाहेर येऊन वाचणार होते?

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा होता तसाच आहे. टाकीही झकास. काच अशी चकचकीत की वेणी घालून घ्यावी तिच्यात बघून.

हे कोणाच्या हातचं अक्षर ते ओळखलं असशीलच. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. सांगतेय मी, तुझा बाप नुसता लिहितोय. फोन तीनदा लावला, पण त्याचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. खालच्या शिंपीणबाईला कपड्यांच्या मापांपलीकडे काही लिहायचं म्हटलं की हात दुखतो. मग राहिला कोण?

तर टाकी. टाकी ठीक आहे म्हटलं ना मी. (हा म्हणतोय, "आई, खरं काय ते सांग, नाहीतर मी पेन ठेवतो." ठेव म्हटलं. नाही ठेवलं.)

बरं, सांगते. तीनातला एक गेला. तो मोठा, पंपाजवळच्या दगडावर बसायचा तो. मागच्या शुक्रवारी सकाळी बघते तर तळाशी वाळूवर पडलेला, पोटाशी गुंडाळून गोळा झालेला. मला वाटलं झोपलाय. चांगले दोन दिवस झोपू दिला मी त्याला. मग वास यायला लागला.

आता रडू नकोस, आधी ऐक. मी केलं काय, तर तुझी टाकी स्वच्छ ठेवली. तीस वर्षं दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पातेली घासलीत मी. माझ्या हातच्या पातेल्याला कोणी बोट लावून नाव ठेवलं नाही. दगडांवर हिरवट बुळबुळीत थर धरायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. म्हटलं, पोरगी परत आली तर म्हणेल, आजीने घाण करून ठेवली. म्हणून दर सोमवारी बाह्या वर करून एकेक दगड काथ्याने घासला. साबण लावला नाही, तेवढी अक्कल आहे. काचसुद्धा सोडली नाही. चार महिने, एक सोमवार न चुकता.

आणि ती घाण नव्हती, ते त्यांचं जेवण होतं. मी दर आठवड्याला त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलून धुऊन ठेवत होते. पाठीवर आठ फळ्यांचं चिलखत घातलेला जीव, तोंडाने बोलत नाही, हातपाय आपटत नाही. उपाशी आहे हे मी ओळखायचं कशावरून? एकदा मोठ्याला अंगठ्याने सरकवायला गेले, त्याच्याखालीही घासावं म्हणून. असा काही चिकटला की दगडच उचलून आला. म्हटलं, ताकद आहे, म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहे. घाबरला की तसं धरून बसतो तो, हे आता कळलं.

तू म्हणशील, चार पानं होती ना, वाचून का नाही घेतलीस. तेच सांगायचं होतं, आणि तेच तोंडातून निघत नाही.

तू गेलीस त्या दिवशी हा तुला नको ते बोलला. "घरात पाण्याला नळ नाही धड, आणि हिला समुद्र हवा खोलीत." गावभर लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि घरातला गळका ठेवतो, हे तूही त्याला सुनावलंस. दार आपटून गेलीस. मग मी टाकीजवळ आले तर ते कागद. मला वाटलं, त्यात लिहिलं असेल की आता मी या घरात पाय ठेवणार नाही. वाचून घेतलं असतं तर ते खरं झालं असतं. म्हणून काढले, घडी घातली आणि माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवले. वाचलं नाही तोवर तू नुसती नोकरीला गेली होतीस.

मोठा मेला तेव्हा कागद काढून तुझ्या बापापुढे धरले. "वाच," म्हटलं, "काय असेल ते असू दे." त्याने चारही पानं मोठ्याने वाचली. मीठ किती, पाणी किती गार, उजेड कमी ठेवा, अंधार झाल्यावरच ते चरायला निघतात, आणि पहिल्याच पानावर दोनदा रेघ मारून: हिरवं पुसू नका. बस! चार पानांत माझ्या गुडघ्याची चौकशी नाही, बापाला एक शिवीसुद्धा नाही. मी चार महिने कशाला घाबरले होते ग? इतका राग आलाय मला तुझा, की तू समोर असतीस तर तुलाच काथ्याने घासली असती.

राहिलेल्या दोघांचं सांगते. तपकिरी पट्ट्यांचा जरा बरा आहे. धाकटा सैल पडलाय, बोट लावलं तरी धरत नाही. तुझा बाप रोज दुपारी कामावरून येतो, टाकीवर जुनी चादर टाकून अंधार करतो आणि एका कोपऱ्यातून आत बघत बसतो. काल मला हाक मारली. "आई, बघ, हा चरून पुन्हा आपल्या त्याच खळग्यात येऊन बसला. बरोबर तोंड त्याच बाजूला!" वाळूत पैसा सापडल्यासारखा चेहरा. हे लिहायला तयार नव्हता. लिही म्हटलं, माझं पत्र आहे.

पण दगड बोडके आहेत. हिरवं धरायला अजून तीन आठवडे तरी लागतील, आणि धाकटा तेवढा टिकेल असं वाटत नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, पण त्याचं काहीतरी कर.

तुझ्यावर अजून चिडलेलीच,
आजी

हे आईने सांगितलेलं नाही, मी लिहितोय. पार्सल माझ्या नावावर पाठव, दुपारी मी घरी असतो आणि बेल मलाच ऐकू येते. हिरवं कमी पडलं तर द्यायला तू त्या पानांत लिहिलं आहेस ते वाळवलेलं शेवाळ इथे मिळतं, पण सगळं माणसांनी खायचं, तेल-मीठ लावलेलं. साधं पाठव, काहीही न लावलेलं. आणि लवकर.